बाकी इंजिन स्टॉक ठेवून फक्त कॅम बदलायचा असेल तर

इंदूरमध्ये जुनी एस्टीम, जिप्सी किंवा पहिली १.३ पेट्रोल स्विफ्ट जपून ठेवलेली घरं अजून बरीच आहेत. गाडी काकांच्या नाहीतर वडिलांच्या हातची, म्हणून विकवत नाही, आणि नव्या गाड्यांच्या शेजारी तिचा पिकअप मात्र कमी वाटायला लागलेला असतो. मग गॅरेजवर कोणीतरी सांगतंच, "भिया, कैम डलवा ले, उड़ेगी." ते ऐकून ज्यांना खरंच कॅम, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा, टाकावासा वाटतोय, पण बाकी इंजिन स्टॉक, म्हणजे कंपनीतून आलं तसंच, ठेवायचंय; हेड, कॉम्प्रेशन, एक्झॉस्ट यांना हात लावायचा नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. स्टॉक इंजिनासाठी कॅम निवडताना जो मनात भरेल, त्याच्यापेक्षा एक नंबर लहान घ्या. कॅटलॉगच्या शेवटाकडचे कॅम ज्या इंजिनांसाठी पाडलेले असतात, त्यांच्यात पिस्टनपासून सायलेन्सरपर्यंत सगळं बदललेलं असतं. तुमच्या इंजिनात त्यांची कामाची बाजू पोचतच नाही, त्रासाची तेवढी पोचते.

पहिली पायरी: गाडी कुठल्या आरपीएमला चालते ते बघा

याला पैसे लागत नाहीत आणि नेमकी हीच पायरी सगळे गाळतात. टॅकोमीटर असेल तर आठवडाभर त्याच्यावर नजर ठेवा. नसेल तर गिअर रेशो, डिफरन्शियलचा रेशो आणि टायरचा घेर यांवरून हिशेब निघतो. छोट्या पेट्रोल गाडीत तिसऱ्या गिअरला ताशी ४० किलोमीटर म्हणजे साधारण २,००० आरपीएम, आणि पाचव्याला १०० म्हणजे साधारण ३,०००. पलासियाचा सिग्नल, राजवाड्याकडची गर्दी, बायपासवरचा मोकळा पट्टा, सगळं धरलं तरी अशा गाडीचं आयुष्य १,५०० ते ३,५०० आरपीएमच्या मध्ये जातं. खंडवा रोडला भेरूघाटात चार माणसं आणि सामान घेऊन चढताना फार तर ४,००० ते ४,५००. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, २०२१ साली सुरू झाला, पण तो वाहनांच्या चाचण्यांसाठी आहे. तिकडे बघून रोजच्या गाडीचा कॅम निवडायचा नसतो.

हे कशासाठी? इंजिनाची ताकद किलोवॅटमध्ये काढायची तर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) न्यूटन-मीटरमध्ये घ्यायचा, आरपीएमने गुणायचा आणि ९,५४९ ने भागायचा. १०० न्यूटन-मीटर टॉर्क ३,००० आरपीएमला असेल तर ताकद ३१ किलोवॅट, आणि तेवढाच टॉर्क ६,००० ला टिकला तर ६३ किलोवॅट, म्हणजे साधारण ८५ पीएस. मोठा कॅम हेच करतो. टॉर्कचा डोंगर उचलून वरच्या आरपीएमकडे सरकवतो. सगळ्यात वरच्या टोकाला जो फायदा होतो, तो खालच्या भागातून काढून घेतलेला असतो. तुम्ही ज्या भागात गाडी चालवता तिथूनच तो काढला जाणार असेल, तर कॅम टाकल्यावर गाडी शहरात आधीपेक्षा सुस्त होईल. तक्रार नेहमी अशीच येते: "वर गेल्यावर मस्त ओढते, पण सिग्नलवरून उठत नाही." इंजिन बिघडलेलं नसतं, निवड चुकलेली असते.

इंजिनाची वरची हद्दही पाहून ठेवा. स्टॉक ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, ठरावीक आरपीएमला इंधन तोडतो. कॅमची ताकद ७,००० ला येणार आणि ईसीयू ६,३०० च्या आसपास तोडणार असेल, तर ती ताकद कागदावरच राहते.

दुसरी पायरी: आहे ते इंजिन धड आहे का?

थकलेल्या इंजिनात नवा कॅम म्हणजे पैसे वाया. इंजिन गरम असताना चारही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन तपासा. चार सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर आधी त्याचं कारण शोधा. टॅपेटचं अंतर, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट, मॅन्युअलप्रमाणे सेट करा, एअर फिल्टर आणि प्लग बदला, टायमिंग बेल्ट खुणेवर आहे ना ते बघा. जुन्या गाडीचा बेल्ट एक दात सरकलेला असणं काही दुर्मीळ नाही, आणि तो जागेवर आला की पुष्कळदा हरवलेला पिकअप फुकटात परत मिळतो. मग कॅमची गरजच उरत नाही.

व्हॅक्यूम गेज लावून आयडलिंगचं रीडिंग लिहून ठेवा. चांगल्या स्टॉक इंजिनात समुद्रसपाटीला ते १७ ते २१ इंच पाऱ्याच्या दरम्यान येतं, इंदूरच्या उंचीवर थोडं कमी. हा आकडा पुढे लागणार आहे.

तिसरी पायरी: कॅमचं कार्ड वाचायला शिका

कॅम विकणारा "स्टेज वन, स्टेज टू" असं म्हणेल. त्या शब्दांना काही ठरलेलं माप नाही. एकाचा स्टेज टू दुसऱ्याच्या स्टेज वनपेक्षा लहान असू शकतो. कॅमची मापं छापलेलं कार्ड मागा. कार्ड नसेल तर तो कॅम घेऊ नका.

कार्डावर पहिली गोष्ट लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह जास्तीत जास्त किती उघडतो. इथे विचारून घ्या की हा आकडा लोबवरचा (लोब म्हणजे कॅमवरचा उंचवटा) आहे की व्हॉल्व्हवरचा. मध्ये रॉकर (लोबचा धक्का व्हॉल्व्हला देणारी तरफ) असेल तर त्याच्या रेशोने लोबची लिफ्ट गुणली जाते: लोबवर ६ मिलिमीटर आणि रॉकरचा रेशो दीड असेल तर व्हॉल्व्हवर ९. व्हॉल्व्हच्या व्यासाच्या पाव पटीइतकी लिफ्ट झाली की व्हॉल्व्हच्या कडेची फट आणि व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ सारखं होतं. २८ मिलिमीटरच्या व्हॉल्व्हसाठी ती ७ मिलिमीटर. त्याच्या पुढे लिफ्ट वाढवून फायदा मिळतो, पण घटत जातो, आणि स्टॉक पोर्ट लवकरच "बस" म्हणतो.

दुसरी गोष्ट ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह किती अंशांपर्यंत उघडा राहतो. हे अंश क्रँकचे, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचे, असतात. कॅम स्वतः क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इथे फसायला जागा आहे, कारण ड्युरेशन दोन तऱ्हांनी सांगतात. एक, व्हॉल्व्ह जेमतेम हलायला लागल्यापासून मोजलेलं. जाहिरातीत तेच छापतात. दुसरं, १ मिलिमीटर किंवा ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर, लिफ्टवर मोजलेलं. एकाच कॅमचे हे दोन आकडे एकमेकांपासून चांगलेच लांब असतात. दोन कॅमची तुलना करताना दोन्ही एकाच पद्धतीने मोजलेले आहेत ना, एवढं तरी पक्कं करा.

बऱ्याच कार्डांवर मात्र ड्युरेशन सरळ लिहिलेलं नसतं. १५/५० – ५०/१५ असे चार आकडे असतात. ते असे वाचायचे: इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर पोचायच्या १५ अंश आधी उघडतो आणि खाली पोचल्यावर ५० अंशांनी मिटतो. एक्झॉस्ट खाली पोचायच्या ५० अंश आधी उघडतो, वर पोचल्यावर १५ अंशांनी मिटतो. १५ अधिक १८० अधिक ५०, म्हणजे ड्युरेशन २४५. हा साध्या घरगुती गाडीच्या जवळचा कॅम झाला.

याच चार आकड्यांतून ओव्हरलॅपही निघतो. इनटेक १५ आधी उघडला, एक्झॉस्ट १५ नंतर मिटला, म्हणजे ३० अंश दोन्ही व्हॉल्व्ह एकदमच उघडे. एक पंगत उठत असतानाच दुसरी बसायला लागते, तसं. जास्त आरपीएमला बाहेर जाणारा धूर आपल्या वेगाने ताजी हवा आत ओढून घेतो, त्यामुळे ओव्हरलॅपचा फायदा होतो. कमी आरपीएमला तोच धूर उलट इनटेकमध्ये घुसतो, मिश्रण खराब होतं, आयडलिंगला इंजिन हलायला लागतं. स्टॉक एक्झॉस्ट अरुंद असेल तर हा उलटा प्रवाह आणखी वाढतो.

तिसरा आकडा लोब सेपरेशन, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबांच्या टोकांमधलं अंतर. हे अंश कॅमचे असतात. ड्युरेशनमधून याची दुप्पट वजा केली की ओव्हरलॅप मिळतो. २६० ड्युरेशन आणि ११० सेपरेशन असेल तर ओव्हरलॅप ४०. २८० आणि १०८ असेल तर ६४. दोन्ही कॅम "फास्ट रोड" म्हणून विकले जाऊ शकतात, पण त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. हे गणित दुकानातच कागदावर करून बघा; विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा ते लवकर खरं सांगतं.

आणखी एक आकडा, ज्याच्याकडे नवे लोक बघतच नाहीत: इनटेक मिटण्याचा. वरच्या साध्या कॅममध्ये तो खालच्या टोकानंतर ५० अंशांवर होता. २६०/११० मध्ये साधारण ६० वर जातो, २८०/१०८ मध्ये ६८ वर (इनटेकची सेंटरलाइन, म्हणजे इनटेक सर्वांत जास्त उघडतो तो अंश, सेपरेशनइतकीच धरून). इनटेक उशिरा मिटतो तोवर पिस्टन वर चढायला लागलेला असतो आणि भरलेल्या हवेतली थोडी परत बाहेर ढकलतो. जास्त आरपीएमला हवेला वेग असल्यामुळे हे जाणवत नाही. कमी आरपीएमला प्रत्यक्ष कॉम्प्रेशन पडतं. म्हणूनच मोठा कॅम घेणारे लोक हेड छाटून किंवा पिस्टन बदलून कॉम्प्रेशन रेशो वाढवतात. तुम्ही तो वाढवणार नाही आहात. शिवाय इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण सहा टक्के आधीच कमी. मुंबईच्या गाडीत "चालून गेलेला" कॅम माळव्यात थोडा अधिकच मोकळा वाटणार.

चौथी पायरी: आता आकडा ठरवा

स्टॉक कॉम्प्रेशन, स्टॉक हेड आणि शहरातलं चालवणं असेल तर जाहिरातीतलं ड्युरेशन २५५ ते २६५, सेपरेशन ११० किंवा जास्त, आणि स्टॉकपेक्षा जराशी अधिक लिफ्ट, एवढ्यात राहा. २७० च्या वर गेलात की आयडलिंग, एसी आणि ईसीयू या तिन्हींशी भांडण सुरू होतं. दोन कॅममध्ये मन अडलं असेल, तर ड्युरेशन कमी आणि लिफ्ट थोडी जास्त असलेला घ्या.

इंजेक्शनच्या गाडीत आणखी जपा. पुष्कळ छोट्या गाड्यांचा ईसीयू इनटेकमधला दाब मोजून हवा किती आली याचा अंदाज बांधतो. ओव्हरलॅप वाढला की आयडलिंगला व्हॅक्यूम पडतो, ईसीयूला वाटतं गाडीवर लोड आला, आणि तो पेट्रोल वाढवतो. दुसरीकडे, न जळलेली हवा थेट एक्झॉस्टमध्ये गेली की ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ दिसतं आणि तोही पेट्रोल वाढवायला सांगतो. गाडी काळा धूर टाकते, प्लग काळे पडतात, आणि मिस्त्री इंजेक्टर साफ करत बसतो. कार्बोरेटरची जुनी जिप्सी या बाबतीत सोपी, जेट बदलून भागतं.

व्हॅक्यूमवर ब्रेकही चालतात. बूस्टरला साधारण १५ इंचांच्या वर व्हॅक्यूम हवा. दुसऱ्या पायरीत लिहून ठेवलेलं रीडिंग काढा: आधीच १७ असेल तर तुमच्याकडे घालवायला फारसं काही नाही. घाट उतरताना पेडल कडक झालेलं कोणालाच परवडणार नाही.

गाडी सीएनजीवर चालत असेल तर माझा सल्ला नाहीच. गॅस हवेची जागा घेतो, त्यामुळे ताकद आधीच कमी, आणि ओव्हरलॅप वाढवला की न जळलेला गॅस सरळ एक्झॉस्टमध्ये जातो. डिझेल, टर्बो आणि व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगवाली इंजिनं हाही वेगळा विषय. हे आकडे त्यांना लावू नका.

पाचवी पायरी: कॅम घेण्याआधीची मापं

व्हॉल्व्ह स्प्रिंग पूर्ण दबल्यावर तिचे वेढे एकमेकांना टेकायला नकोत. नव्या लिफ्टला स्प्रिंगमध्ये निदान दीड मिलिमीटर शिल्लक हवी. स्प्रिंगच्या वरची रिटेनर वाटी आणि व्हॉल्व्ह सील यांच्यातही तेवढी फट ठेवा. वीस वर्षांच्या स्प्रिंगा मऊ पडलेल्या असतात. जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह लोबच्या मागे धावू शकत नाही, हवेत तरंगतो आणि पिस्टनला भेटायची वेळ येते. कॅम बदलताना स्प्रिंगा बदलाच, कॅमसाठी सांगितलेल्याच घ्या. फाजील कडक स्प्रिंग लोब आणि रॉकर खाते.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर इनटेकला निदान २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला निदान २.५ मिलिमीटर हवं. ते बसवताना मोजायचंय, पुढे येतंच.

सहावी पायरी: नवा की घासून घेतलेला?

जुन्याच कॅमला घासून नवा आकार देणं स्वस्त पडतं, आणि कारागीर चांगला असेल तर त्यात वाईट काही नाही. फक्त त्यात लोबचा पाया, म्हणजे बेस सर्कल, बारीक केलेला असतो. लिफ्ट म्हणजे टोक आणि पाया यांच्यातला फरक, त्यामुळे वर धातू न चढवता पाया खाली नेऊन लिफ्ट वाढवतात. परिणामी टॅपेटमधलं अंतर वाढतं, जाड शिम (फट भरणारी चकती) लागते किंवा रॉकरचा स्क्रू फार बाहेर येतो, आणि रॉकर लोबवर चुकीच्या जागी टेकायला लागतो. बेस सर्कल किती उरला, ते विचारा. कास्ट कॅमचा कडक थर वरवरचा असतो. फार घासला की मऊ भाग उघडा पडतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये लोब गोल होतो. घासल्यानंतर पुन्हा कडक केलाय का, हाही प्रश्न विचारायचा.

नवा कॅम आला की रॉकर, टॅपेट हेही नवे किंवा नीट घासलेले असू द्या. जुन्या रॉकरवरचा खड्डा नव्या लोबला चरे पाडतो.

सातवी पायरी: बसवणं

मिस्त्री "निशान से निशान मिला देंगे" म्हणेल. स्टॉक कॅमला ते पुरतं, याला नाही. डिग्रीची चकती, डायल गेज आणि प्लगच्या भोकातून घालायचा पिस्टन स्टॉप लागतो. सियागंजातल्या हत्यारांच्या दुकानांत डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड मागा. चकती कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवली तरी चालते.

आधी पिस्टनचं खरं वरचं टोक शोधा: स्टॉपला दोन्ही बाजूंनी क्रँक टेकवा, दोन आकड्यांचा मध्य काढा. मग इनटेकची सर्वांत जास्त लिफ्ट कुठे येते ते तसंच दोन्ही बाजूंचं सारखं रीडिंग घेऊन काढा. कार्डावर सेंटरलाइन ११० आहे आणि तुम्हाला ११४ मिळाली, तर कॅम ४ अंश मागे बसलाय. अ‍ॅडजस्टेबल पुली असेल तर दुरुस्त करता येतं. कॅम दोन-चार अंश पुढे केला की इनटेक लवकर मिटतो आणि खालचा टॉर्क सुधारतो. शहरातल्या गाडीला मी थोडा पुढेच ठेवीन.

आता पिस्टनवर प्लास्टिसिनची पातळ वडी ठेवून, हेड बसवून, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका. हेड काढून वडी कापा आणि सगळ्यात पातळ जागेची जाडी मोजा. धोका नेमका टोकावर नसतो. एक्झॉस्ट टोकाच्या दहा-एक अंश आधी आणि इनटेक दहा-एक अंश नंतर पिस्टनच्या सर्वांत जवळ येतो. "या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाकत नाहीत" हे स्टॉक लिफ्टपुरतं खरं असेल. नव्या कॅमसाठी ते धरून चालू नका.

लोबांना असेंब्ली पेस्ट, इंजिनात ताजं ऑइल. रॉकर किंवा टॅपेट लोबवर घासणारे, म्हणजे रोलर नसलेले असतील, तर पहिल्यांदा सुरू करताना आयडलिंगला सोडू नका. लगेच २,००० ते २,५०० आरपीएमवर वीसेक मिनिटं ठेवा, म्हणजे लोबांवर ऑइल उडत राहील. या वेळेसाठी जस्त जास्त असलेलं ऑइल घ्या. रेडिएटर, इंधन, बॅटरी आधीच तपासा; मध्ये बंद करायची वेळ येता कामा नये.

आठवी पायरी: ट्यूनिंग आणि कागदपत्रं

वाइडबँड सेन्सर (धुरावरून हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण दाखवणारा) लावून मिश्रण बघितल्याशिवाय गाडी पूर्ण रेसवर नेऊ नका. ईसीयू बदलता येत नसेल तर चौथ्या पायरीतला लहान कॅमच बरा. पीयूसी आधीच डोक्यात ठेवा: बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमची मर्यादा आहे. ओव्हरलॅप वाढला की हायड्रोकार्बनच आधी वर जातं. कायद्याची बाजूही साधी नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे फेरफार करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडक शब्दांत बजावलं. आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घेतलेलं बरं. क्लेमच्या वेळी हा विषय निघू शकतो.

साधारण पाचशे किलोमीटर झाले की ऑइल आणि फिल्टर बदला, काढलेल्या ऑइलमध्ये चमकणारे कण आहेत का ते चुंबक फिरवून बघा, टॅपेट पुन्हा सेट करा, आयडलिंगचा व्हॅक्यूम आधीच्या आकड्याशी ताडून पाहा. एखाद्या टॅपेटचं अंतर बाकीच्यांपेक्षा भराभर वाढत असेल तर त्याचा लोब झिजतोय, थांबून उघडा. आणि काढलेला जुना कॅम भंगारात देऊ नका. ऑइल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पुलीसकट ठेवा. गाडी विकताना, पीयूसी अडल्यावर किंवा घरच्यांनी "पूर्वीचीच बरी होती" म्हटल्यावर तोच परत बसवायचा असतो.